बसून खायची जागा

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्ही गिरगावातली खोली सोडली आणि विरार पश्चिमेला, बोळींजला राहायला आलो. टेम्पोतून सामान उतरलं, पंखे लागले, गॅस मात्र अजून जोडायचा होता. संध्याकाळी नवऱ्याची थोरली बहीण डबा घेऊन आली. ताई लग्न होऊन विरारला आल्या त्याला पंचवीस वर्षं झाली. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची सुकी चटणी आणि कैरीचा तक्कू होता. वर्तमानपत्रं पसरून आम्ही जमिनीवरच बसलो. जेवता जेवता मी विचारलं, "ताई, इथे खायला चांगलं कुठे मिळतं हो?"

"म्हणजे? आत्ता खाते आहेस ते काय आहे?"

"तसं नाही. बाहेर. हॉटेल वगैरे."

"ते मला नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या आणि मुलाच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.

त्या दिवशी सुरू झालेलं बोलणं वर्षभर चाललं आहे. कधी त्यांच्या ओट्यापाशी, कधी माझ्या गॅलरीत, कधी बाजारातून परतताना रिक्षात. त्यांच्या म्हणण्यातलं खरेपण मला पटतं आणि तरी माझं म्हणणं सोडवत नाही, म्हणून आठवतं तसं लिहून काढते आहे.

गिरगावात चांगली खायची जागा कोणती, हे कुणाला विचारावं लागत नाही. ठाकूरद्वारला विनय हेल्थ होमची मिसळ, पणशीकरांचं पियूष, उपासाला साबुदाणा वडा कुठला आणायचा, हे आईच्या कडेवर असतानाच कळतं. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद झालं तेव्हा माझे सासरे दोन दिवस गप्प होते. तिथले वाढपी कुणाशी गोड बोलत नसत, पण सुरमईची तुकडी आणि तिखलं यांच्याशी सासऱ्यांचं चाळीस वर्षांचं नातं होतं. गाव म्हटलं की अशा चार जागा असायच्याच, असं मी धरून चालले होते. आपण नवीन, म्हणून दिसत नाहीत. शोधल्या की सापडतील.

शोध फोनवर केला. साडेचार तारे मिळालेल्या एका ठिकाणी पहिल्याच रविवारी गेलो. गार हवा, जाडजूड मेनूकार्ड. पनीरच्या तीन भाज्या मागवल्या. तिन्हींचा रस्सा एकच, एकीवर साय, एकीवर कोथिंबीर, एकीवर किसलेलं चीज. परतताना धाकटीने विचारलं, "आई, आपण परत गिरगावात कधी जायचं?" पुढच्या दोन महिन्यांत तीन रविवार आम्ही मिसळ खायला चर्नी रोडला गेलो. जवळजवळ साठ किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं.

ताईंना ते कळलंच.

ताई : तू राहायला विरारला आलीस, जेवायला अजून गिरगावातच आहेस.

मी : मग काय करू? स्टेशनातून बाहेर पडलं की चायनीजच्या गाड्या, मोमो, शोरमा आणि पोळी-भाजी केंद्रं. हे मीरा रोडलाही आहे, कल्याणलाही आहे. यात विरारचं म्हणून काय आहे?

ताई : स्टेशनच्या बाहेर विरार नाहीच मुळी. तिथलं सगळं गाडीतून उतरलेल्या माणसासाठी. त्याला घाई असते, त्याच्या हातात पटकन काहीतरी द्यायचं. विरारचं खाणं बघायचं तर सकाळी बाजारात ये माझ्याबरोबर. अर्नाळ्याच्या कोळणी येतात, आगाशी-नंदाखालच्या भाजीवाल्या येतात, पूर्वेकडच्या पाड्यांवरून आदिवासी बायका येतात. या तिघींच्या टोपल्या बघितल्यास की विरार कळलं.

मी : ताई, तो बाजार झाला. टोपलीतलं मी रस्त्यात उभी राहून खाऊ शकत नाही. घरी आणायचं, निवडायचं, शिजवायचं. मी विचारते आहे ते आयत्या चांगल्या अन्नाबद्दल.

ताई : आयतं हवं म्हणूनच सापडत नाही तुला.

हे मला लागलं. सकाळी साडेसहाला घर सोडून, चर्चगेटच्या गाडीत दीड तास कधी बसून, बहुतेकदा उभी राहून जाणारी बाई संध्याकाळी आयतं मागते यात तिची चूक काय? मी तेव्हा काही बोलले नाही, पण पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर बाजारात गेले.

त्यांच्या बोलण्याला इथली मातीच कारण आहे, हे मला तिथे उमगलं. वसई-विरारचा हा पट्टा मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या जेवू घालत आला आहे. विरारहून बॅकबेपर्यंत लोकल धावू लागली ती १८६७ मध्ये, म्हणजे ही गाडी नोकरदारांच्या गर्दीपेक्षा खूप जुनी. इथल्या वाड्यांतली केळी, भाजी, विड्याची पानं, फुलं या गाड्यांमधून शहराकडे गेली. दादरच्या फुलबाजारात मी लहानपणापासून गणपतीसाठी हार घेत आले. तो मोगरा आणि चाफा वसईच्या वाड्यांतून येतो हे ऐकून होते, पण ती वाडी कधी पाहिली नव्हती. ज्या गावाने पिकवून पाठवायचं काम केलं, त्याला हॉटेलं उघडायची गरजच पडली नाही. इथला माणूस घरी जेवला, उरलेलं गाडीत चढवलं.

जूनचा पहिला आठवडा होता. एका आदिवासी बाईच्या पुढ्यात पानांवर शेवळ्यांच्या जुड्या होत्या. जांभळट तपकिरी आवरणात गुंडाळलेले वीतभर लांब कोंब, दिसायला कोवळ्या मक्याच्या कणसासारखे. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येतात आणि थोडे दिवसच मिळतात. मी दोन जुड्या घेतल्या. बाईने बरोबर मूठभर हिरवी, गोल, लहान फळं टाकली. "काकडं हायेत, घाल त्यात," एवढंच म्हणाली. ताई कोळणीशी बोलत होत्या. मी घरी येऊन शेवळं सोलली, चिरली, कांद्या-खोबऱ्यात शिजवली. काकडं आंबट लागली म्हणून बाजूला ठेवली. दुसऱ्या घासाला नवऱ्याने घसा धरला. मुलांच्या जिभेला टोचायला लागलं. घाबरून ताईंना फोन केला.

ताई : आतला पिवळा भाग काढलास का?

मी : कुठला पिवळा भाग?

ताई : अगं, वरचा पापुद्रा सोलला की आत दांडा असतो. त्याच्या खालच्या अंगाला पिवळे दाणे असतात, ते काढून टाकायचे. खाज त्यातच. आणि काकडं?

मी : नाही घातली.

ताई : चिंचेचं पाणी दे सगळ्यांना आधी. मी येते.

त्या आल्या, उरलेली जुडी घेऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि मला एकेक कोंब हातात धरून दाखवला. पिवळं टोचणारं वेगळं, खायचं वेगळं. काकडं उकडून त्यांचा आंबट गर भाजीत घातला, सोबत भिजवलेले सोडे. पातेल्यावर झाकण ठेवून म्हणाल्या, "ती बाई तुला सांगत होती. तू ऐकलंस, पण तिच्याकडून शिकायचं असतं हे तुझ्या डोक्यात नव्हतं. हॉटेलवाला तुला असं काही सांगतो का? चार तारे, पाच तारे, त्यात हे कुठे लिहितात?"

ती भाजी मी विसरणार नाही. किंचित कडसर, आंबट, मागून सोड्यांची चव, आणि शेवळ्यांचा तो मांसासारखा चावा. अशी चव मला मुंबईतल्या कुठल्या हॉटेलात भेटली नव्हती. त्या दिवशी ताईंचं म्हणणं मी मान्य केलं, अर्धं.

राहिलेल्या अर्ध्यासाठी आम्ही जुलैत आगाशीला गेलो. तेव्हा मासेमारी बंद होती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, त्यामुळे बाजारात सुकी मासळी तेवढी. ताई म्हणाल्या, "चल, आता आयतं खायला नेते तुला. मग बोल." आगाशीचं भुजिंग मी नावानेच ऐकलं होतं. १९४० च्या दशकापासून या गावात ते बनतं, आणि सुरुवातीला ताडीसोबत खायचा पदार्थ होता असं गावात सांगतात.

दुकानात भट्टीसमोर उभं राहून मी बघत राहिले. आलं, लसूण, मिरचीचं वाटण लावलेले कोंबडीचे लहान तुकडे शिगांवर ओवून निखाऱ्यांवर भाजत होते. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की धुराची उंच रेघ वर जायची आणि भाजणारा शीग जरा फिरवायचा. शेजारी मोठ्या पातेल्यात तेलावर मसाला आणि बटाट्याच्या फोडी. भाजलेली कोंबडी त्यात उतरली, वरून पोहे पडले. फोडणीच्या पोह्यांसारखे मऊ पिवळे पोहे डोळ्यांसमोर आणू नका. हे पोहे कोंबडीचा धूर, मसाला आणि तेल स्वतःत ओढून घेतात, काही मऊ, काही कडेचे कुरकुरीत. कोंबडी आणि पोहे या दोन गोष्टी एका पातेल्यात घालायचं कुणाला सुचलं असेल, असा प्रश्न पहिल्या घासापर्यंतच पडतो.

त्या घासाची जागा मात्र सांगितली पाहिजे. आम्ही पार्सल घेतलं आणि बसथांब्यावर उभ्या राहून, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कागद, असं खाल्लं. पाऊस आडवा येत होता.

मी : ताई, इतकं चांगलं खाणं आणि आपण ते उभ्याने खातो आहोत.

ताई : मग घरी जाऊन खाऊ.

मी : घरी पोचेपर्यंत पोहे नरमतील. एवढंच म्हणते आहे मी पहिल्या दिवसापासून. अन्न आहे हो इथे. गिरगावात नाही असं अन्न आहे. ते घेऊन बसायला जागा नाही. सगळं पार्सल. वडे पार्सल, पोळ्या पार्सल, बिर्याणी पार्सल. या गावात माणूस बाहेर बसतच नाही का?

ताई : घरची माणसं वाट बघत असतात, म्हणून पार्सल. एकटीने खाऊन घरी कोण जाईल?

तो प्रश्न त्यांनी सहज विचारला. मला पुढे बरेच दिवस पुरला.

माझी मावशी लालबागला खाणावळ चालवायची. गिरणीतले वीस-बावीस गडी तिच्याकडे जेवायला होते, दोन पाळ्यांत. कोकणातून, घाटावरून आलेले, बायकामुलं गावाला, इथे एका खोलीत दहा-बाराजण. त्यांच्या भुकेवर गिरणगावातल्या शेकडो बायकांचे संसार चालले. सावकाराच्या व्याजातून त्या सुटाव्यात म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. मावशी त्यांचं नाव देवाच्या नावासारखं घ्यायची. १९८२ चा गिरणी संप झाला, गडी गावी गेले, खाणावळ हळूहळू मिटली. हे मी एकदा ताईंना सांगत होते. त्या कोथिंबीर निवडत ऐकत होत्या.

ताई : बघ, आता तूच सांगितलंस. मुंबईतल्या खाणावळी उभ्या राहिल्या त्या एकट्या पुरुषाच्या भुकेवर. विरारला एकटा पुरुष आलाच नाही. इथे संसार आले. दोन खोल्या, बायको, दोन पोरं, म्हातारी आई. त्यांना टेबल-खुर्ची नको होती, तयार पोळ्या हव्या होत्या. कारण बाई नोकरीला लागली. म्हणून इथे खाणावळ झाली नाही, पोळी-भाजी केंद्र झालं.

हे इतकं नेमकं होतं की मी काही क्षण गप्प बसले. उपनगर असं का खातं, याचं याहून चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही. पण त्या उत्तरातच माझं म्हणणं दडलेलं होतं.

मी : म्हणजे गड्याला भूक लागली तर त्याच्यासाठी पाट मांडला, ताट वाढलं. बाईला भूक लागली तर तिच्या हातात पिशवी दिली. घरी जा, सगळ्यांना वाढ, मग तू खा.

ताई : तू सगळं वाकड्यात नेतेस.

मी : वाकड्यात नाही, ताई. तुम्ही आठवून सांगा, आठच्या गाडीने उतरणाऱ्या बाईने शेवटचं खाल्लेलं असतं दुपारी एकला. घरी जाऊन कुकर लावणार, जेवणार दहाला. तिला मध्ये दहा मिनिटं खुर्चीवर बसून गरम काहीतरी खाता यावं, कुणी टक लावून बघू नये, कुणी "पार्सल ना?" असं विचारू नये. ही मागणी मोठी आहे का?

ताई : मोठी नाही. पण आम्ही कधी केली नाही.

ताईंचा चांगलं ओळखण्याचा हिशेब वेगळाच आहे, आणि तो मी आता पाठ केला आहे. वडेवाल्याकडे गर्दी किती हे त्या बघत नाहीत; घाणा किती वेळाने निघतो ते बघतात. मोठा ढीग मांडून ठेवलेला असेल तर पुढे चालायचं. लहान कढई आणि थांबलेलं गिऱ्हाईक असेल तर आपणही थांबायचं. दुपारी तीनला रिक्षावाले कुठे जेवतात ते बघायचं, कारण त्यांना रोज बाहेर खायचं असतं आणि पोट बिघडलं तर धंदा बुडतो. पोळ्या घेताना लाटणाऱ्या बाईशी बोलायचं. ती मालकाच्या आधी खरं सांगते, पीठ आज कसं आहे ते. आणि संपलं म्हणून बंद करणारं दुकान सापडलं तर ते धरून ठेवायचं. "रात्री अकरालाही सगळं मिळतं, तिथे सकाळचं काय काय असेल याचा विचार कर," असं त्या म्हणतात.

तसंच दिवसांचं. विरारला काय चांगलं मिळतं असं विचारलं की त्या उलट विचारतात, कधी? उन्हाळ्यात ताडगोळे, जूनच्या आगेमागे बहाडोलीची जांभळं, मग शेवळं, करटुली. नारळी पौर्णिमेनंतर ताजी मासळी. पावसाळा सरला की सुकेळी: राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधलेली. आता राजेळीच्या बागा कमी झाल्या, वाळवायला अंगणं कमी झाली, त्यामुळे सुकेळ्यांसाठी ओळख लागते. ताईंची ओळख आहे. मधासारखी गडद, चिवट, दाताला लागणारी ती केळी त्यांनी मला पहिल्यांदा दिली तेव्हा पानाची गाठ सोडतानाच वास आला.

थंडीत उकडहंडी. शेजारच्या वाडवळ काकू करतात. कोनफळ, रताळी, बटाटे, वालाच्या शेंगा, वरून लसणीची पात, कोथिंबीर, खोबरं, ओवा यांचं हिरवं वाटण. मंद आचेवर झाकून ठेवतात आणि मध्ये कुणी झाकण उघडायचं नाही. कोनफळाचा जांभळा रंग हिरव्या वाटणाला लागलेला असतो. ही मला त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या स्वयंपाकघरात पाट घेऊन खायला मिळाली. मला हा मान वाटतो. पण मान मिळायला कितीतरी महिने जावे लागले, ताईंची ओळख लागली. जी कुणाचीच वहिनी नाही, कुणाची शेजारीण अजून झालेली नाही, अशी भाड्याने खोली घेऊन राहणारी एकटी मुलगी विरारला येते. आमच्याच इमारतीत दोघी आहेत, नर्सिंगचं शिकतात. त्यांना उकडहंडी कोण देणार? हा प्रश्न ताईंना मी केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बोलाव त्यांना." आणि खरोखर बोलावलं. पण दर वेळी कुणीतरी बोलवावं तेव्हाच चांगलं खायला मिळावं, ही गावाची रीत झाली. शहराला टेबल लागतं, जिथे नाव न विचारता वाढतात.

ते टेबल मला ऑगस्टमधल्या एका रात्री सापडलं होतं. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी भरलं, गाडी अडकली. विरारला उतरले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. केंद्रांची शटरं खाली, गाड्यांवर ताडपत्र्या. घरी फोन केला, मुलं झोपली होती. रिक्षा नव्हती. एका गल्लीत लहानसं उडपी हॉटेल उघडं दिसलं, आत चार टेबलं. पोऱ्या फरशी पुसत होता. मी दारातच विचारलं, "पार्सल मिळेल का काही?"

गल्ल्यावरचे अण्णा म्हणाले, "बसा ना आधी. भिजलाय तुम्ही."

इडल्या संपल्या होत्या. त्यांनी भात, रसम आणि पापड आणून ठेवला. रसम इतकं गरम होतं की वाटी धरवेना. मी दोन्ही हातांनी रुमालात धरून प्यायले. पोऱ्याने माझ्या टेबलाखालची फरशी शेवटी पुसली. दहा मिनिटं कुणी काही विचारलं नाही. त्या दहा मिनिटांनंतर विरार मला माझं गाव वाटायला लागलं, हे मी अतिशयोक्ती न करता लिहिते. तेव्हापासून बुधवारी उतरले की मी तिथे बसते. एक डोसा, एक कॉफी. अण्णांना माझं नाव अजून ठाऊक नाही. चटणी दोनदा लागते हे ठाऊक आहे.

ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "माझं घर वाटेतच आहे. फोन करायचास, मी भात टाकला असता."

"तुम्ही टाकला असता हे मला माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणूनच नाही केला. तुम्ही झोपेतून उठून माझ्यासाठी उभ्या राहिल्या असतात."

त्या काही बोलल्या नाहीत. पण डिसेंबरात एका बुधवारी त्यांचा फोन आला, मी गाडीतच होते. "मी आलेय तुझ्या त्या हॉटेलात. स्टेशनला काम होतं. बसलेय एकटीच." मी पोचले तेव्हा त्या भिंतीकडच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. समोर पाण्याचा ग्लास. काहीच मागवलेलं नव्हतं.

मी : मागवायचं नाही का?

ताई : काय मागवायचं कळेना. घरी सगळ्यांना विचारून मग आपलं ठरतं. (थोडं थांबून) पंचवीस वर्षांत मी या गावात एकटीने बसून काही खाल्लेलं नाही गं. आत्ता बसल्यावर लक्षात आलं.

त्यांनी उपमा घेतला, मी डोसा. उपमा कसा आहे म्हणून विचारलं तर म्हणाल्या, बरा आहे, मोहरी जरा जास्त. सांबार मात्र दुसऱ्यांदा मागितलं. दुसरी वाटी येईपर्यंत त्यांनी पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली होती.

निघताना त्या गल्ल्यापाशी थांबल्या.

ताई : अण्णा, सगळं छान आहे. पण विरारला हॉटेल आहे तर विरारचं काहीतरी ठेवा. जूनमध्ये शेवळ्यांची भाजी करा. मी सांगते कशी करायची ते.

अण्णा : शेवळं मला माहीत आहेत, ताई. वीस वर्षं इथेच आहे मी. पण साफ कोण करणार? एक चुकीचा तुकडा गेला तर गिऱ्हाईकाचा घसा धरेल, आणि नाव हॉटेलचं जाईल.

ताई : मी साफ करून देईन.

अण्णा : रोज?

ताई गप्प झाल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "त्याचंही बरोबर आहे." मग घर येईपर्यंत त्यांच्या डोक्यात हिशेब चालला होता: जूनचे थोडेच दिवस, आठवड्यातून दोनदा, पाड्यावरच्या बाईलाच साफ करून आणायला सांगितलं आणि तिला वर पैसे दिले तर. मी म्हटलं, दोन टेबलं पुरतील. त्या म्हणाल्या, एक पुरेल, पण भाकऱ्या तांदळाच्या हव्यात, त्या अण्णांना जमणार नाहीत. भाकऱ्यांचं काय करायचं यावर आमचं अजून ठरलेलं नाही.

पुढच्या रविवारी गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या काकू येणार आहेत. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात, मासळीवर जीव. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "अगं, तिकडे चांगलं खायला कुठे मिळतं?" ताई म्हणतात, आधी अर्नाळ्याला नेऊ, कोळणीकडून बोंबील घेऊ, घरी तळू. मी म्हणते, दीड तास गाडीतून आलेल्या बाईला आधी अण्णांकडे बसवू, कॉफी देऊ, मग काय ते ठरवू. आज सकाळी ताईंचा निरोप आला: "बरं, आधी बसवू. पण बोंबील मी सकाळीच आणून ठेवते, नाहीतर चांगले संपतात."